युरोपातली ट्रेन: तिकीट आधी काढायचं, पण कुठलं आणि कधी? (वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात उन्हाळ्यातल्या युरोप ट्रिपबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त ट्रेनच्या तिकिटांवरचीच निघाली. म्हणून यावेळी फक्त तेच घेतेय. मी चौदा वर्षं स्टुटगार्टला राहिले, घरी येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांची तिकिटं बहुतेक वेळा मीच काढायचे, त्यामुळे जर्मनीबद्दल जास्त सांगू शकेन आणि बाकीच्या देशांबद्दल जिथे स्वतः फिरलेय तेवढं.

प्रश्न: आम्ही दोघं मे महिन्यात मुलाकडे म्युनिकला जाणार आहोत. तिथून बर्लिन, झुरिक आणि पॅरिस असा बेत आहे. म्युनिक-बर्लिनचं तिकीट एका गाडीला तीस युरो दाखवतं आणि दुसऱ्या गाडीला शंभराच्या वर, परत दोन दिवसांनी पाहिलं तर आकडे बदललेले. यात काही फसवणूक तर नाही ना? एजंट म्हणतो युरेल पास (एकाच पासवर बऱ्याच देशांतल्या गाड्या) घ्या आणि निर्धास्त फिरा. (कोथरूड, पुणे)

काका, फसवणूक अजिबात नाही. फक्त आपल्याकडच्या रिझर्वेशनची सवय आधी डोक्यातून काढावी लागेल. आपण साठ दिवस आधी तिकीट काढतो ते बर्थ मिळावा म्हणून. तत्काळ आणि राजधानीसारख्या गाड्यांचं फ्लेक्सी भाडं सोडलं तर आधी काढा की नंतर काढा, भाडं तेच. जर्मनीत उलटं आहे. आयसीई या तिथल्या वेगवान गाडीत बसायला रिझर्वेशन लागतच नाही, वेटिंग लिस्ट, आरएसी हा प्रकारच नाही, निघायच्या पाच मिनिटं आधीही तिकीट मिळतं, पण तेव्हाची किंमत बघून आपल्या माणसाचे डोळे पांढरे होतात. प्रत्येक गाडीत प्रत्येक भावाची ठरावीक तिकिटं असतात, सर्वात स्वस्तातली संपली की त्याच्या वरचा भाव, तो संपला की त्याच्या वरचा. त्यामुळे शेजारी-शेजारी सुटणाऱ्या दोन गाड्यांमध्ये तिप्पट फरक दिसू शकतो आणि दोन्ही आकडे खरे असतात.

जर्मन रेल्वेच्या साइटवर तीन नावं दिसतील. सुपर श्पारप्राइस सगळ्यात स्वस्त, पण एकदा काढलं की काढलं, रद्द होत नाही, पैसे परत नाहीत. श्पारप्राइस थोडं महाग, पण प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत दहा युरो कापून रद्द करता येतं. या दोन्हींमध्ये तुम्ही जी गाडी निवडली त्याच गाडीने जायचं, तिकिटावर त्सूगबिंडुंग असं लिहिलेलं असतं, म्हणजे गाडीशी बांधलेलं. तिसरं फ्लेक्सप्राइस, त्यात त्या दिवशी कुठल्याही गाडीने जा, पण म्युनिक-बर्लिनला एका माणसाचे दीडशे युरोच्या वर जातात. म्हणजे स्वस्त तिकिटात तुम्ही तुमचं मोकळेपण विकत असता. ज्या दिवशी मोकळेपणाची गरज नाही त्या दिवशी विका, ज्या दिवशी आहे त्या दिवशी विकू नका, मी सगळी तिकिटं याच एका विचाराने काढत आले. तुम्ही मुलाकडे राहणार, बर्लिनला कधी जायचं ते आधीच ठरवू शकता, मग सुपर श्पारप्राइस बिनधास्त घ्या.

दिवस निवडताना शुक्रवारची दुपार आणि रविवारची संध्याकाळ टाळा, सगळा देश तेव्हा घरी निघालेला असतो. मंगळवार, बुधवारी दुपारी अकरा-बाराची गाडी बघा. आणि मे महिना म्हणताय तर अजून एक, तिथे हिमेलफार्ट नावाची सुट्टी असते, ती कायम गुरुवारी येते आणि लोक मधल्या शुक्रवारची रजा टाकून चार दिवस बाहेर पडतात, त्या आठवड्यात स्वस्त तिकिटं फार लवकर संपतात. तारीख दरवर्षी बदलते, मुलाला विचारून घ्या.

झुरिकला म्युनिकहून थेट युरोसिटी आहे, साधारण साडेतीन तास, वाटेत बोडनझे तलावाच्या काठाने जाते, ऑस्ट्रियातलं ब्रेगेन्झ लागतं, फार सुंदर रस्ता आहे. हे तिकीट जर्मन रेल्वेच्या आणि स्विस रेल्वेच्या अशा दोन्ही साइटवर बघा, गाडी एकच पण भाव वेगळा असू शकतो. झुरिक-पॅरिस मात्र टीजीव्ही लिरिया ही वेगवान गाडी, साधारण चार तास, पॅरिसला गार द ल्यों स्टेशनवर उतरवते. टीजीव्हीत सीट आरक्षण सक्तीचं असतं आणि ते तिकिटातच धरलेलं असतं, आयसीईसारखं नुसतं चढून बसता येत नाही. फ्रान्समध्ये तिकिटं साधारण तीन-चार महिने आधी उघडतात, तेही एकेका मोसमाची एकदम, तर त्यावर लक्ष ठेवा.

आयसीईत आरक्षण सक्तीचं नसलं तरी तुम्ही दोघं साठीच्या पुढचे आहात, पाच-सहा युरो जास्त लागतील पण सीट राखून ठेवाच. तिकीट आहे म्हणजे सीट आहे असं तिथे नसतं, आणि चार तास दरवाज्याजवळ उभं राहणं तुम्हाला जमणार नाही.

युरेल पासचं म्हणाल तर तुमच्या तीन लांबच्या प्रवासांसाठी मी घेणार नाही. पास ज्याला रोज उठून नवीन गाव करायचंय आणि आज कुठे जाणार हे सकाळी ठरवायचंय त्याच्यासाठी उत्तम आहे. पण फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांमध्ये पास असला तरी सीटचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि टीजीव्हीत पासवाल्यांसाठी सीटचा कोटा ठरलेला असतो, तो संपला की गाडी अर्धी रिकामी असली तरी तुम्हाला जागा नाही. "निर्धास्त" हे एजंटने सांगितलेलं तेवढं खरं नाही.

प्रश्न: व्हिसा यायच्या आधी तिकिटं काढायची की नंतर? आधी काढली आणि व्हिसा नाही मिळाला तर पैसे बुडाले, नंतर काढली तर महाग. (नागपूर)

हा खरा पेच आहे, आणि यात नियमाचाच आधार घेता येतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आपल्याकडे बरेच जण तो अगदी शेवटच्या महिन्यात करतात. निर्णय सहसा पंधरा दिवसांत येतो, काही केसेसमध्ये पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाऊ शकतो. जूनमध्ये जायचं असेल आणि तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज केलात तर व्हिसा हातात पडेपर्यंत स्वस्त तिकिटं शिल्लक असतात, पेच तिथेच सुटतो.

माझ्या सासू-सासऱ्यांच्या फाइलमध्ये ट्रेनचं एकही तिकीट लावलं नव्हतं, एका कागदावर तारीखवार लिहून दिलं होतं की अमुक दिवशी अमुक गावाहून अमुक गावाला ट्रेनने जाणार, मुक्काम कुठे. तेवढं पुरलं. आणि एखादा दिवस अगदी गर्दीचा असेल, भाव वर जाईल अशी धास्ती वाटत असेल तर तेवढ्या प्रवासाचं रद्द होणारं श्पारप्राइस काढून ठेवा, व्हिसा नाही आला तर माणशी चार-पाच हजार रुपयांऐवजी दहा युरोवर निभावतं. व्हिसाच्या आधी सुपर श्पारप्राइस मात्र काढू नका, कितीही मोह झाला तरी.

प्रश्न: मी आखेनला मास्टर्स करतोय. आई-बाबा पहिल्यांदाच येतायत, मुंबईहून फ्रँकफर्टला सकाळी साडेसहाला उतरतील. पावणेनऊच्या सुमाराची गाडी सुपर श्पारप्राइसमध्ये स्वस्त मिळतेय. काढू का? शिवाय नंतर आम्हाला तिघांना इंटररेल पासवर फिरता येईल का? (आखेन, जर्मनी)

नको काढूस. तुझं पत्र वाचून मला माझाच जुना दिवस आठवला म्हणून जरा सविस्तर सांगते.

सासू-सासरे पहिल्यांदा आले तेव्हा मीही असंच केलं होतं. विमान उतरल्यावर अडीच तासांनी सुटणारी गाडी, भरपूर वेळ आहे असं वाटलं. विमान मुंबईहूनच दीड तास उशिरा सुटलं. मग इमिग्रेशनची रांग, मग सामानाच्या पट्ट्यावर सासूबाईंची एक बॅग सगळ्यात शेवटी आली. टर्मिनल एकपासून लांब पल्ल्याच्या स्टेशनपर्यंत पुलासारख्या काचेच्या बोळातून बरंच चालायला लागतं, सासऱ्यांचा गुडघा दुखत होता, मी दोन बॅगा ओढत पुढे, सासूबाई हातात बेसनाच्या लाडवांचा डबा घट्ट धरून मागे. सरकत्या जिन्याने खाली प्लॅटफॉर्मवर पोहोचलो तेव्हा गाडीचे दरवाजे बंद झालेले होते. सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, पुढच्या गाडीत बसू की." त्यांचं बरोबर होतं, आपल्याकडे कोणीही तेच म्हणेल. पण आमचं तिकीट त्याच गाडीशी बांधलेलं, ते तिथे संपलं. उभ्या-उभ्या फोनवर तिघांची नवीन तिकिटं काढली, वाचवले होते त्याच्या तिप्पट गेले, आणि पैशापेक्षा वाईट हे वाटलं की त्या दोघांना आल्या-आल्या आपल्यामुळे खर्च झाला असं वाटत राहिलं, संध्याकाळपर्यंत सासरे तेच बोलत होते.

कारण असं की रेल्वे उशिरा आली तर रेल्वे जबाबदार, पण विमान उशिरा आलं तर रेल्वेचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुमचं विमानाचं तिकीट वेगळं, ट्रेनचं वेगळं. म्हणून उतरायच्या दिवशी एकतर फ्लेक्सप्राइस घे, किंवा काही विमान कंपन्या रेल अँड फ्लाय म्हणून विमानाच्या तिकिटासोबतच ट्रेनचं देतात, त्यात गाडी ठरलेली नसते, ते आधी विचार. आणि खर्च वाचवायचाच असेल तर गाडी दुपारची धर. आई-बाबा कॉफी पितील, बाकावर पाठ टेकतील, पण जीव टांगणीला लागणार नाही. परत जातानाही तसंच, उलट जास्त काळजी घे, कारण तेव्हा चुकणारी गोष्ट विमान असते.

पासचं म्हणशील तर त्यात पासपोर्ट बघत नाहीत, राहण्याचा देश बघतात. तू जर्मनीत राहतोस म्हणून तुला इंटररेल, आई-बाबा भारतात राहतात म्हणून त्यांना युरेल. एकाच गाडीत शेजारी बसाल, पास वेगवेगळे. आणि तुझा इंटररेल जर्मनीत फक्त एकदा बाहेर जाताना आणि एकदा परत येताना चालेल, देशातल्या देशात रोज फिरायला नाही.

प्रश्न: म्युनिकहून कोलोनला जाताना मानहाइमला गाडी बदलायची आहे, मध्ये फक्त नऊ मिनिटं आहेत. पहिली गाडी लेट झाली आणि दुसरी चुकली तर स्वस्त तिकीट वाया जाणार का? (नाशिक)

नाही, आणि हे फार लोकांना माहीत नसतं म्हणून उगाच घाबरतात. दोन्ही गाड्या एकाच तिकिटावर असतील आणि रेल्वेच्या उशिरामुळे पुढची गाडी चुकली तर बांधलेपण आपोआप सुटतं. शेवटच्या स्टेशनवर तुम्ही वीस मिनिटं किंवा जास्त उशिरा पोहोचणार असं दिसत असेल तरी सुटतं. मग पुढची कुठलीही गाडी घ्या, आयसीई असली तरी, वेगळे पैसे नाहीत. राखून ठेवलेली सीट मात्र गेली, नव्या गाडीत रिकामी जागा शोधायची. सीटच्या वर एक छोटी पट्टी असते, त्यावर स्टेशनांची दोन नावं उमटलेली दिसली तर त्या टप्प्यात ती कोणाची तरी आहे, कोरी असेल तर बसा.

"एकाच तिकिटावर" या शब्दांवर जोर द्या. काही जण थोडे पैसे वाचवायला म्युनिक-मानहाइम एक आणि मानहाइम-कोलोन दुसरं अशी दोन तिकिटं काढतात. मग पहिली गाडी उशिरा आली की दुसऱ्या तिकिटाचं संरक्षण जातं. मी असं कधीच करत नाही.

युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे एक तासापेक्षा जास्त उशीर झाला तर तिकिटाच्या पंचवीस टक्के आणि दोन तासांच्या वर झाला तर पन्नास टक्के भरपाई मागता येते, ऑनलाइन फॉर्म भरायचा, तिकीट आणि गाडीचा नंबर जपून ठेवायचा. स्वस्त तिकिटालाही ते लागू आहे. आणि नऊ मिनिटांचं म्हणाल तर सामान आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तसं तिकीट काढणारच नाही. शोधताना गाडी बदलायला कमीत कमी किती वेळ हवा ते टाकता येतं, तिथे पंचवीस-तीस मिनिटं टाका, साइट त्याप्रमाणे गाड्या जुळवून देते.

तिकीट शक्यतो ज्या देशाची गाडी त्या रेल्वेच्याच साइटवरून किंवा ॲपवरून घ्या. मी एकदा दोन युरो स्वस्त दिसलं म्हणून मधल्या एका साइटवरून घेतलं, गाडी रद्द झाली तर रेल्वे म्हणे त्यांना विचारा आणि ते म्हणे रेल्वेला विचारा, परतावा यायला अडीच महिने लागले.

प्रश्न: स्वित्झर्लंडमध्येही आधी काढलं की स्वस्त पडतं का? (कोल्हापूर)

थोडंफार, पण तिथला हिशोब वेगळा आहे. साधं स्विस तिकीट आज काढा की महिन्याने, किंमत तीच, आणि त्या दिवशी कुठल्याही गाडीने जा. सुपरसेव्हर तिकिटं असतात ती ठरावीक गाडीची आणि स्वस्त. दिवसभर भरपूर फिरायचं असेल तर सेव्हर डे पास बघा, तो जितका आधी घ्याल तितका कमी पडतो. चार-सहा दिवस सलग ट्रेन, बोट, बस सगळंच वापरणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास. मात्र युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या स्टेशनचं पूर्ण तिकीट त्या पासात येत नाही, तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो आणि पुढे फक्त सवलत मिळते, आपले लोक तिथेच गोंधळतात. शिवाय डोंगरावरचं तिकीट फार आधी काढू नका, वर ढग असतील तर काहीही दिसत नाही, आदल्या रात्री वेबकॅम बघून ठरवा.

प्रश्न: रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. मुलं पाच आणि नऊ वर्षांची. साइटवर फ्लॉरेन्स नावाचं स्टेशनच सापडत नाही! (ठाणे)

तिथे त्याचं नाव फिरेन्झे, आणि मुख्य स्टेशन सांता मारिया नोवेल्ला. रोम म्हणजे रोमा तेर्मिनी. व्हेनिसला दोन आहेत, मेस्त्रे अलीकडच्या जमिनीवर, पाण्यातलं खरं व्हेनिस म्हणजे सांता लुचिया. हॉटेल कुठे आहे ते बघून तिकीट काढा, नाहीतर सामान घेऊन परत गाडीत चढा.

रोम-फिरेन्झे साधारण दीड तास, फिरेन्झे-व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर. या रस्त्यावर सरकारी फ्रेच्यारोसा आणि खाजगी इतालो अशा दोन कंपन्यांच्या गाड्या धावतात, त्यांच्या स्पर्धेमुळे आधी काढलं तर खूप स्वस्त मिळतं, दोन्हीकडे बघा. सरकारी गाडीत सुपर इकॉनॉमी, इकॉनॉमी, बेस अशी चढती भाडी असतात, सुपर इकॉनॉमी परत होत नाही. मुलांना फुकट नेणारी एक ऑफर असते पण त्यात मोठ्यांना बेस भाडं भरावं लागतं, म्हणून चौघांचं सुपर इकॉनॉमी आणि ही ऑफर अशा दोन बेरजा करून बघा. पिसाला वगैरे जाणार असाल तर ती साधी रेजिओनाले गाडी, तिचं भाडं बदलत नाही, आधी काढून काही फायदा नाही. पण त्याचं कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायला विसरू नका, बिनशिक्क्याच्या तिकिटाला दंड होतो.

प्रश्न: पेमेंट करताना कार्ड सारखं नाकारलं जातंय. (सोलापूर)

बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर आणि ऑनलाइन वापर दोन्ही चालू करा, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ते आधीपासून बंद असतात. मर्यादाही वाढवा. पैसे भरताना रुपयात भरू का असं विचारलं तर नाही म्हणा, युरोच ठेवा, रुपयाचा भाव ते आपल्या मनाने लावतात.

प्रश्न: पासपोर्टवर माझ्या नावात वडिलांचं नाव आहे, तिकिटावर नाव आणि आडनाव एवढंच टाकलं तर चालेल का? आणि म्युनिकहून नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायचाय, त्यालाही आधी तिकीट लागेल का? (पणजी)

माझ्या घरच्यांची तिकिटं कायम नाव आणि आडनाव एवढ्यावरच काढली, टीसीने पासपोर्टशी ताडून बघितलं आणि पुढे गेला. फक्त स्पेलिंग पासपोर्टवरचं तेच ठेवा, आणि घरातलं लाडाचं नाव किंवा लग्नाआधीचं आडनाव चुकून टाकू नका. नाव आणि आडनाव या चौकटींची अदलाबदलही होते, ती जरा बघून घ्या.

किल्ल्याला जायच्या ट्रेनसाठी आगाऊ तिकिटाच्या मागे लागू नका. बायर्न-तिकीट घ्या, एका दिवसाचं, म्युनिक ज्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात आहे त्या राज्यातल्या सगळ्या लोकल-रिजनल गाड्यांत चालतं, आयसीईत नाही. पाच जणांपर्यंत एकत्र घेता येतं आणि जितके जास्त तितकं माणशी स्वस्त. फ्यूसेनपर्यंत दोन तास लागतात, तिथून किल्ल्याखाली जायला बस आहे. याच तिकिटावर साल्झबुर्गलाही जाता येतं. किल्ल्यातल्या आतल्या टूरचं तिकीट मात्र आधी ऑनलाइन काढा, ते वेळेशी बांधलेलं असतं. कामाच्या दिवशी बायर्न-तिकीट सकाळी नऊनंतरच चालतं, त्यामुळे टूर दुपारी एकनंतरची घ्या. आणि मशीनमधून तिकीट काढलंत तर त्यावर नावासाठी ओळी असतात, गाडीत चढायच्या आधी सगळ्यांची नावं पेनने लिहा, पेन बरोबर ठेवा.